डिझेल मोटारीचा हिवाळी हट्ट

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला दोन मजले आहेत असे मला नेहमी वाटते. खालच्या मजल्यावर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा. बोलताना आम्ही नुसते 'घाटाखाली' आणि 'घाटावर' एवढेच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला सारे कळते. मुंबई-नागपूर रेल्वे घाटाखालून जाते; जिल्ह्याचे ठाणे मात्र घाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर. तेव्हा घाटावरच्या माणसाला पहाटेची आगगाडी धरावयाची तर अंधारातच घर सोडावे लागते, राजूरचा घाट उतरावा लागतो आणि मलकापूर गाठावे लागते. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी आमच्याकडे पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असतो. माणूस मफलर गुंडाळून, हात चोळीत उठतो तरी. मोटार मात्र उठतेच असे नाही.

अशाच एका जानेवारीतली गोष्ट. माझ्या वडिलांचे डोळे मुंबईला दाखवावयाचे होते. स्थानिक डॉक्टरांना काचबिंदूची शंका आली होती, आणि मोठ्या खटपटीने तिकडच्या दवाखान्यातली तारीख मिळाली होती. सामान आदल्या रात्री गाडीत भरून ठेवले होते. वडील कोट घालून मागच्या सीटवर बसले. मी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, गाडी थरथरली, मागच्या नळीतून पांढरा धूर आला, आणि पुन्हा सारे शांत. पुन्हा किल्ली, पुन्हा धूर, पुन्हा शांतता. असे अर्धा तास चालले. शेजारी उठले, धक्का मारून झाला. शेवटी भाड्याची गाडी शोधून मलकापूरला पोचलो, तो आगगाडीचा शेवटचा डबा फलाट सोडीत होता. वडील एवढेच म्हणाले, "जाऊ दे, डोळे काय कुठे पळून जातात?" नवी तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. कार्य कोणते, कारण कोणते, आणि एकाचा संबंध दुसऱ्याशी कसा लावावयाचा, हे मुलांना सांगण्याचा मला पगार मिळतो. आणि तरीही त्या मोटारीच्या बाबतीत कारण शोधण्याऐवजी मी वर्षभर खर्च करीत राहिलो. त्या चुकीतून जे शिकलो ते आज तुम्हांला सांगावयाचे आहे. तुमच्या दारात जुनी डिझेल मोटार, जीप किंवा ट्रॅक्स उभी असेल, तर पुढची दहा-पंधरा मिनिटे वाया जाणार नाहीत असे वाटते.

आधी डिझेल इंजिनाचा स्वभाव समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. सायकलमध्ये जोरजोराने हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे आपण लहानपणी हाताने अनुभवलेले आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने याच तत्त्वावर इंजिन उभे केले, आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे ते यशस्वी रीतीने चालवून दाखवले. सिलिंडरातली हवा विसाव्या हिश्शाच्या आसपास दाबली, की ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. इंजिन तापलेले असले म्हणजे हे काम बिनबोभाट होते. परंतु रात्रभर गारठ्यात उभे राहिलेले इंजिन निराळे. त्याच्या लोखंडी भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. तेल घट्ट झालेले, बॅटरी मंदावलेली, म्हणून सेल्फही सावकाश फिरतो, आणि जितका सावकाश फिरेल तितका उष्णता पळून जायला वेळ अधिक. फवारा येतो, पण पेटत नाही.

हीच उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक सिलिंडरात एक बारीक, पेन्सिलीसारखा विजेचा तापक बसवलेला असतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला ग्लो प्लग म्हणतात. आपल्या गॅरेजांत सगळे 'हीटर' म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार. किल्ली अर्धी फिरवली की पाटीवर नागमोडी गुंडाळीसारखा एक पिवळसर दिवा लागतो. तेव्हा या चार हीटरांची टोके लालभडक होत असतात. त्यांचे तपमान आठशे-नऊशे अंशांच्या पुढे जाते. दिवा विझला की मग सेल्फ मारावयाचा. जुन्या गाड्यांत यासाठी वीस-तीस सेकंद थांबावे लागे; अलीकडच्या गाड्यांत चार-पाच सेकंद पुरतात.

इथे कोणी विचारील, की आमच्या मळ्यातले किर्लोस्करचे इंजिन तर हँडल मारून सुरू होत असे, त्याला कुठे हीटर होता? शंका रास्त आहे. त्या इंजिनात फवारा सरळ सिलिंडरात पडतो. उष्णता शोषणाऱ्या भिंती कमी, म्हणून ते हीटरावाचून पेट घेते. जुन्या डिझेल मोटारींत मात्र फवारा आधी हेडमधल्या एका छोट्या कोठडीत पडतो आणि तिथून ज्वाला सिलिंडरात येते. त्यामुळे इंजिनाचा आवाज सौम्य होतो, पण त्या कोठडीच्या भिंती थंडीत उष्णता गिळून टाकतात. १९९८ साली टाटांची डिझेल इंडिका आली तिचे इंजिन या कोठडीच्या जातीचे होते. महिंद्राच्या पूर्वीच्या अनेक जीपांतले प्यूजो बनावटीचे इंजिनही त्याच जातीचे. अशा इंजिनाचे हिवाळ्यात हीटरावाचून पान हलत नाही. नंतरच्या कॉमन रेल गाड्यांत फवारा सरळ पडतो. तरी त्यांनाही हीटर असतातच, आणि इंजिन सुरू झाल्यावरही काही वेळ ते तापत राहतात, म्हणजे धूर व खडखड कमी होते.

आता माझ्या चुकीकडे वळतो. आगगाडी चुकल्यावर मी गाडी एका गॅरेजात नेली. दुपारची वेळ, इंजिन कोमट, गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली! "सर, पंप कमजोर आहे," असे निदान झाले. डिझेलचा पंप उतरवला, मोठ्या गावी पाठवला, आठ-दहा हजारांचा चुराडा झाला, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस गाडी परत आली. सकाळी किल्ली फिरवली, गाडी सुरू! मी खूष, मिस्त्री खूष. मार्च गेला, एप्रिल-मे गेले, पावसाळा गेला. गाडीने एकदाही त्रास दिला नाही. डिसेंबर उजाडला, आणि एका गार पहाटे पुन्हा तोच पांढरा धूर, तीच शांतता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंपाने गाडी बरी केलीच नव्हती. ती केली होती उन्हाळ्याने! हीटर बिघडण्याचा रोग असा लबाड आहे, की थंडी सरली की तो आपोआप लपतो. फेब्रुवारीत तुम्ही पंप बदला, बॅटरी बदला, नाहीतर नुसता गाडीला नारळ फोडा, मार्चमध्ये गाडी सुरू होणारच, आणि जे काही शेवटी केले त्याला श्रेय मिळणार. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे मानावयाचे. दरवर्षी हे वर्गात शिकवणारा मी घरच्या अंगणात त्याच खड्ड्यात पडलो होतो.

खरे निदान केले ते एका म्हाताऱ्या जीपवाल्याने. काळी-पिवळी चालवण्यात त्याचा जन्म गेला. त्याने माझी हकीकत ऐकली आणि विचारले, "सर, गाडी गरम असली का उचलते?"

"पहिल्या किल्लीत."

"मंग पंप काहून खोलला? पंपाले काय थंडी वाजते? हीटर पाहा ना आधी."

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांतली व्यतिरेक पद्धती त्या जीपवाल्याने एका वाक्यात सांगितली होती. दोन प्रसंग घ्या, ज्यांत बाकी सर्व सारखे आणि फक्त एकच गोष्ट वेगळी. तीच गाडी, तेच डिझेल, तोच पंप; फक्त एकदा इंजिन गार आणि एकदा गरम. गरम असता सुरू होते, गार असता होत नाही. तर मग दोष त्याच भागात शोधावा, ज्याचे काम फक्त गारठ्यात पडते.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा. गाडी गरम असतानाही नखरे करीत असेल, तर हीटरांच्या मागे लागू नका. डिझेलचा पुरवठा, नळीत धरलेली हवा, इंजिनाची झीज यांकडे पाहा.

दुसरा प्रश्न सेल्फचा. तो जोमाने फिरतो की कण्हत फिरतो? कण्हत असेल तर आधी बॅटरी तपासा. विसावलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्टच्या वर असतो, आणि सेल्फ फिरताना तो दहाच्या फार खाली जाऊ नये. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली असेल तर ती साफ करूनच पुढे जा. फुकटात होणारी दुरुस्ती आधी करावी.

तिसरा प्रश्न धुराचा. न्यायशास्त्रात डोंगरावर धूर पाहून तिथे अग्नी असल्याचे अनुमान करतात, हे उदाहरण जुने आहे. पण धुके पाहून ते धूर समजले तर अनुमान फसते, अशी सूचनाही त्याच शास्त्रात आहे. आमच्या मोटारीचा पांढरा धूर हे असेच धुके. ती न जळलेल्या डिझेलची वाफ असते. सेल्फ फिरताना पांढरा धूर येतो याचा अर्थ डिझेल सिलिंडरापर्यंत पोचते आहे, फक्त पेटत नाही. म्हणजे पंपाने आपले काम केले आहे, हे तो धूर ओरडून सांगत होता! उलट सेल्फ फिरूनही मागे काहीच दिसत नसेल, तर डिझेल पोचतच नाही; तिथे हीटर निर्दोष असण्याचा संभव अधिक.

एवढे झाल्यावर हात काळे करावयाचे. ही परीक्षा गार इंजिनावरच करा, शक्य तर पहाटेच. कारण पुष्कळ गाड्यांत इंजिन गरम असले तर हीटरांना वीजच सोडली जात नाही, आणि चांगली गाडी आजारी ठरते. दिव्याचा साधा टेस्ट लॅम्प घ्या. त्याची एक बाजू इंजिनाच्या लोखंडाला लावा, दुसरी हीटरांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीला. दुसऱ्या माणसाला किल्ली अर्धी फिरवायला सांगा. दिवा लागलाच नाही, तर वीज तिथवर येतच नाही. फ्यूज किंवा रिले पाहा. हीटर चांगले असताना ते बदलून पैसे घालवू नका. दिवा लागला, तर वीज येते आहे. आता एकेका हीटराची झडती.

त्यासाठी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवून पट्टी काढून घ्या आणि मल्टिमीटरने प्रत्येक हीटराचे टोक व इंजिन यांमधला रोध मोजा. चांगल्या हीटराचा रोध अगदी थोडा, साधारण अर्ध्या ते दीड ओहमच्या आसपास असतो. मीटरच्या वायरींचाही थोडा रोध असतो; म्हणून आधी दोन्ही टोके एकमेकांस टेकवून जो आकडा येईल तो वजा करा. मीटर काहीच जोड दाखवीत नसेल, तर तो हीटर आतून तुटला. पट्टी काढून एकेक मोजणे महत्त्वाचे आहे. सगळे एकत्र जोडलेले असताना एक जिवंत हीटर तीन मेलेल्यांची लाज राखतो, आणि आपण फसतो. वीजप्रवाह मोजणारा चिमट्याचा मीटर हाताशी असेल तर काम आणखी सोपे, पण तो एकदिश प्रवाह मोजणारा हवा, आणि त्यासाठी पट्टी व बॅटरी पुन्हा जोडून किल्ली फिरवावी. तापल्यावर एक हीटर साधारण दहा अँपिअर घेत असेल, तर चौघांनी चाळीस घ्यावेत. मीटर वीसच दाखवतो, तर दोघांनी मान टाकली आहे. माझ्या गाडीत नेमके दोनच मेलेले निघाले.

एक मोठी सावधगिरी. जुन्या पद्धतीत हीटर काढून सरळ बॅटरीला लावीत आणि टोक लाल होते का ते पाहत. नव्या पुष्कळ गाड्यांतले हीटर पाच-सात व्होल्टांवर चालणारे असतात. त्यांना बॅटरीचे बारा व्होल्ट दिले तर क्षणात जळतात, कधी फुटतातही. काही तर चिनीमातीसारख्या पदार्थाचे असतात. हातातून पडले तरी कामातून गेले. म्हणून हीटरावर लिहिलेला आकडा वाचल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

आता बदलण्याविषयी. खरा धोका इथेच आहे. हीटर वर्षानुवर्षे काजळीत रुतलेला असतो. घाईने पाना मारला तर तो मधोमध तुटतो, अर्धा तुकडा हेडमध्ये राहतो, आणि काही शे रुपयांच्या कामासाठी हेड उतरवण्याची पाळी येते. म्हणून आदल्या रात्री त्याच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे. काढताना इंजिन चांगले कोमट असावे. गार लोखंड धरून ठेवते, कोमट लोखंड सोडते. भोवतालची धूळ फुंकून साफ करावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरात जाते. लांब गोटी सरळ बसवून हलक्या हाताने फिरवावे. अडले तर थोडे मागे, थोडे पुढे. फारच अडत असेल तर थांबा, पुन्हा तेल सोडा, जाणत्या मिस्त्रीकडे जा. तिथे मर्दुमकी कामाची नाही.

नवा हीटर आधी बोटांनीच फिरवत बसवावा, म्हणजे आटे बिघडत नाहीत. मग गाडीच्या पुस्तकात सांगितला असेल तितकाच जोर लावावा. तो जोर आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ कमी असतो. चारही एका वयाचे असतात. दोन गेले तर उरलेले दोन वाटेवर आहेत असे समजून चारही बदलणे पुढच्या हिवाळ्याला स्वस्त पडते.

आणि जुना हीटर फेकण्यापूर्वी त्याचे टोक निरखून पाहा. टोक नुसते काळवंडले असेल तर तो वयोमानाने गेला. पण टोक वितळले असेल, फुगले असेल, तर तो मारला गेला आहे. नोजल ठिबकत असेल, फवाऱ्याची वेळ चुकत असेल, किंवा रिले चिकटून वीज सतत चालू राहत असेल. तो खुनी मोकळा ठेवलात तर नवा हीटरही त्याच वाटेने जाईल. कारण सापडले की थांबू नये, त्या कारणाचेही कारण विचारावे.

शेवटी जीवाची गोष्ट. पहाटे गाडी उचलत नाही म्हणून काही लोक हवेच्या नळीत पेट घेणारा स्प्रे मारतात, कोणी पेटता बोळा धरतात, कोणी डिझेलच्या टाकीखाली शेकोटी करतात. हे कृपा करून करू नका. हीटर लाल असलेल्या इंजिनात तो स्प्रे गेला तर स्फोट होऊन पिस्टन किंवा हेड फुटू शकते, आणि शेकोटीने गाडीच नव्हे तर घरही पेटू शकते. अडल्या वेळी एकच निरुपद्रवी उपाय: किल्ली अर्धी फिरवा, दिवा विझू द्या, बंद करा, पुन्हा अर्धी फिरवा. दोन-तीन वेळा असे केल्यावर उरलेले जिवंत हीटर कोठडी थोडी तापवतात आणि गाडी बहुधा उठते. त्या जानेवारीत मला एवढे ठाऊक असते, तर आम्ही आगगाडीत असतो.

एप्रिलमध्ये वडिलांची तपासणी झाली. काचबिंदू होताच. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखू. थोडे आधी आला असता तर बरे झाले असते. त्या तीन महिन्यांतच ती नजर गेली, असे मी म्हणू शकत नाही. तो पुरावा माझ्याजवळ नाही, आणि पुराव्याशिवाय कारण ठरवू नये हेच तर मी शिकवतो. पण त्या तीन महिन्यांकडे बोट दाखवणारे मन गप्प बसत नाही, हेही खरे.

चार नवे हीटर बसवल्याला आता काही हिवाळे झाले. वर्षातून दोनदा आम्हांला मुंबईला जावे लागते. त्यातली एक खेप नेमकी जानेवारीत पडते. वडील तसेच कोट घालून मागे बसतात. मी किल्ली अर्धी फिरवतो आणि थांबतो. पिवळा दिवा त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून ते विचारतात, "विझला का रे?" मी म्हणतो, "विझला, अण्णा." मग सेल्फ मारतो.

थंडी पडण्याआधी, दिवाळीच्या सुटीत एखाद्या सकाळी, तुम्हीही आपल्या गाडीचे चार हीटर मोजून घ्या. तासाभराचे काम आहे.